ढवळी विकली त्याआधीचे पाच दिवस

दिगू,

परवा तुझ्या शोकसभेत पाच जण बोलले आणि त्यातल्या तिघांनी तुला हट्टी म्हटलं. मनात वाईट काही नव्हतं त्यांच्या. गेलेल्या माणसाचा एखादा दोषही प्रेमाने सांगायची पद्धत असते, तसं. आपल्या रॅली मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "दिगंबरने एकदा मनावर घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचा नाही. त्या हायब्रिड गाडीचंच बघा. आपण सगळे नको नको म्हणत होतो." लोक हळूच हसले. वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. तुझी प्राची समोर बघत होती. तुझ्या फोटोकडे नाही, फोटोमागच्या भिंतीकडे.

पाचवा बोलणारा मी होतो. अकरा वर्षं तुझ्या डाव्या हाताला बसलेला माणूस. मी तुझ्या चहाबद्दल बोललो, साखर किती घ्यायचास ते. चिखलात आडवं पडून चाक कसं बदलायचास ते. हायब्रिडबद्दल एक अक्षर बोललो नाही. खाली बसलो तेव्हा कुणीतरी पाठीवर हात ठेवला. त्याला वाटलं मला भरून आलंय.

आता मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लिहायचं कामही माझ्याकडेच आलं. "मास्तर, तुम्हीच लिहा, तुम्हाला वाचनलेखनाची सवय." ही सवय तुला किती महागात पडली हे त्यांना माहीत नाही. म्हणून लिहितोय. हळू लिहितोय. तुला माझं हळू लिहिणं कधी सहन झालं नाही, आज होऊ दे.

हा अंक वहिनींच्या माहेरचे, तुझ्या हेंद्रेपाड्याच्या आळीतले लोकही वाचतील, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी आपला खेळ पाहिलेला नाही. त्यांच्यासाठी थोडं सांगतो. रॅलीत एखादा डोंगराचा किंवा रानातला कच्चा रस्ता काही तास बंद ठेवतात. गाड्या एकामागून एक, अंतर ठेवून सोडतात. सर्वांत कमी वेळात पार करेल तो पहिला. चालवणाऱ्याला वळणापलीकडचं दिसत नाही. ते त्याला शेजारी बसलेला नॅव्हिगेटर वहीतून वाचून सांगतो: डावा चार, ऐंशी, उजवा तीन आवळतो, आत दगड. आकडा वळणाचा, जितका लहान तितकं वळण तीव्र, मग अंतर, मग धोका; 'आवळतो' म्हणजे वळण पुढे आणखी घट्ट होतं. ही वही आधी हळू गाडी नेऊन तयार करतात. तू बोलायचास, मी लिहायचो. दुसऱ्या फेरीत मी वाचायचो आणि तू ऐकून सुधारायचास.

मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. तुझं अंबरनाथ एमआयडीसीत गॅरेज, कंपन्यांचे टेम्पो आणि फोर्कलिफ्ट दुरुस्त करणारं. माझी स्कूटर बंद पडली म्हणून आलो होतो आणि ती उघडून बसलास तोवर मी बाकावर पुस्तक वाचत होतो. तू म्हणालास, "काय रं मास्तर, मोठ्यानं वाच की. मलाबी कलू दे." मी दोन पानं वाचली. तू पाना खाली ठेवलास आणि विचारलंस, "हालत्या गाडीत वाचता येईल का? उलटी नाय ना होत?" एवढ्यावर माझी निवड झाली.

वहीबद्दल तुझे दोन नियम होते. पहिला असा की वहीत शंका लिहायची नाही. "बहुधा", "वाटतं", "असावं" हे शब्द तू पहिल्याच दिवशी खोडलेस. "मी नव्वदच्या स्पीडला तुझं बहुधा कुठं ठेवू? मांडीवर?" शंका असेल तर गाडी थांबवायची, उतरायचं, वळण पायी चालून बघायचं, मग लिहायचं. कितीतरी वळणं आपण अशी चाललो. तू पुढे, बुटाच्या टाचेने कडेची माती दाबून बघत, आणि मी मागे वही घेऊन.

दुसरा नियम आपल्या पहिल्याच रॅलीनंतरचा. माझ्या हातून दोन पानं एकदम उलटली होती. मला चौथ्या वळणाला कळलं, पण मी बोललो नाही. अंदाजाने वाचत राहिलो, की पुढे कुठेतरी ताळा लागेल. ताळा लागला भाताच्या बांधाला. गाडी आडवी, आपण दोघं पट्ट्यांना लोंबकळत. तू आधी मला विचारलंस, "मान हालते का?" ती हालते म्हटल्यावर मग शिव्या दिल्यास. आणि दुसऱ्या दिवशी, गाडीचं दार ठोकून सरळ करता करता, शांतपणे सांगितलंस, "चुकलास तर ओरडायचं. हरवलो म्हणायचं, बास. मी गाडी हलू करीन, डोळ्यांनी चालवीन. तू जागा शोध. मला राग नाय येनार. पन गप नाय बसायचं."

त्यानंतरच्या अकरा वर्षांत मी तीनदा "हरवलो" म्हणालो. तीनही वेळा तू "बरं" म्हणालास आणि गिअर उतरवलास. नंतर जेवताना, परतीच्या रस्त्यावर, भांडतानासुद्धा, त्याचा एकदाही उल्लेख केला नाहीस. हे मुद्दाम लिहून ठेवतो. पुढे जे झालं ते तुझ्या भीतीने झालं असं कुणाला वाटू नये.

तो मसुदा दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आला. स्पर्धा भरवणाऱ्यांच्या तांत्रिक समितीचा, इंग्रजीत, चाळीसेक पानांचा. आपल्या जोडीच्या नावावर ईमेल माझा दिलेला होता, त्यामुळे सगळं माझ्याकडे यायचं. मसुद्यात लिहिलं होतं की एक नवा हायब्रिड गट काढायचा आहे: पेट्रोलचं इंजिन, शिवाय बॅटरीवरची मोटर, आणि ब्रेक मारला की बॅटरी थोडी भरून घ्यायची. आपली जुनी गाडी, ढवळी, ज्या गटात धावायची तो जुन्या गाड्यांचा गट त्यानंतर बंद करायचा. परदेशातल्या मोठ्या स्पर्धेत हे आधीच आलं होतं, त्यावर मी कितीतरी वाचलं होतं.

मी तुला त्या मसुद्याचं मराठी करून दिलं. सहा पानं, सुवाच्य अक्षरात. शेवटचा परिच्छेद मात्र घातला नाही.

चार ओळींचा परिच्छेद होता. हा मसुदा केवळ चर्चेसाठी आहे, खर्च आणि सुरक्षितता यांचा विचार होऊन तो बदलू शकतो किंवा रद्द होऊ शकतो, कुणीही याच्या भरवशावर खर्च करू नये, असं त्यात होतं. मी तो वाचला होता. तो सगळा "बहुधा"च होता, आणि चालवणाऱ्याला देण्याच्या कागदात "बहुधा" घालायचा नाही ही माझ्या हाताला इतक्या वर्षांची सवय. असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत आलो. ते अर्धं खरं आहे. सवयीचा उरलेला अर्धा भाग, उतरून बघायचा, मी केला नाही. समितीला एक फोन करायचा होता. केला नाही, कारण उत्तर नको होतं.

का नको होतं, तेही लिहितो. गाडीतलं मला जे येत होतं ते सगळं तू शिकवलेलं. मी वाचायचो ते तूच सांगितलेलं असायचं, माझा फक्त आवाज. हा मसुदा पहिली गोष्ट अशी होती की रस्ता मला माहीत आणि तुला नाही. गॅरेजात मी बाकावर बसून सांगत होतो आणि तू, स्पेअरपार्टवाला होतूशेठ, तुझे दोन मेकॅनिक, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होतात. मला ते फार आवडलं, दिगू. पन्नाशीच्या माणसाने कबूल करावं असं हे नाही.

तू लगेच मानलं नाहीस. "हट्टी" म्हणणाऱ्यांनी हे ऐकावं. तू दोन महिने माझ्याशी भांडलास. तुझं म्हणणं साधं होतं. "मास्तर, बंद डबा हाय तो. उघडायचा नाय, हात लावायचा नाय, बिघडला तर पुन्याला पाठवायचा. रानात बंद पडला तर मी काय करू, आरती?" तू न उघडलेली एकही वस्तू ढवळीत नव्हती. होतूशेठही तुझ्या बाजूने. कॅम्प चारमधलं त्याचं स्पेअरपार्टचं दुकान, मिळणार नाही असा भाग नाही, आणि तोच म्हणत होता, "साईं, पेट्रोल खतम हुआ तो टाकी में दिखता है. इसमें सिर्फ आकडा दिखता है. आकडे पे भरोसा मैं अपने सगे भाई का नहीं करता." तू हसलास, माझ्याकडे बघितलंस, आणि विचारलंस, "पक्कं ना पन? गट येनार?"

मी म्हणालो, "मी वाचलंय."

त्यानंतर तू भांडला नाहीस. गाडीत मी वाचलेलं तू कधी तपासत नव्हतास, बाहेरही तपासलं नाहीस.

मग ते दहा महिने. ते वाईट नव्हते, हेही सांगायला हवं. तू चाळीस पानांतली एकेक आकृती माझ्याकडून समजावून घेतलीस. ढवळीला हात न लावता दुसरी एक गाडी आणलीस आणि तिच्या मागच्या आसाला मोटर बसवलीस. पुण्याच्या एका कारखान्याकडून बॅटरी आणलीस, अर्धे पैसे देऊन. त्या एका डब्याची किंमत अख्ख्या ढवळीइतकी होती. तो डबा बसायला सीटच्या मागचं सगळं कापलंस आणि गाडी इतकी जड झाली की वळणांचे आपले जुने आकडे चालेनात. ढवळीचा चार या गाडीचा तीन झाला. छपरावर एक दिवा बसवलास. हिरवा असला तर गाडीला हात लावायचा, लाल असला तर लांब राहायचं, आत वीज उतरलेली असू शकते. दसऱ्याला वहिनी दोन्ही गाड्यांची पूजा करायला आल्या. ढवळीच्या बॉनेटवर त्यांनी नेहमीसारखं बोटाने कुंकू लावलं. बॅटरीच्या डब्यापाशी थबकल्या, खुंटीवरचे तुझे जाड रबरी हातमोजे चढवले आणि त्यांनी कुंकू लावलं. तू म्हणालास, "देवालाबी मोजे घाल." त्या म्हणाल्या, "देव बरा आहे, तो चटका देत नाही." किती हसलो होतो आपण.

आता ते पाच दिवस.

मंगळवारी दुपारी, लायब्ररीत पुस्तकांची नोंद करत असताना मेल आला. अर्ध्या पानाचा. हायब्रिड गटाचा खर्च बहुतेक स्पर्धकांना झेपणारा नाही, बॅटरीच्या सुरक्षिततेबद्दल एकमत झालेलं नाही, म्हणून प्रस्ताव मागे घेण्यात येत आहे. जुना गट आहे तसा चालू राहील. मी तो तीनदा वाचला. मग उठून पंखा बंद केला, पुन्हा लावला. कॉलेज सुटल्यावर रोजच्यासारखं तुझ्याकडे यायचं होतं. आलो नाही. डोकं दुखतंय असा निरोप पाठवला. तू उलट विचारलंस, "गोळी आणू का?"

बुधवारी आलो, पण तू मोटरची तार तपासत होतास आणि तोंडात टॉर्च होती. गुरुवारी वहिनींनी डबा पाठवला होता, आपण जेवलो, भाजी कोणती होती तेही आठवतं. बोललो नाही. दर वेळी वाटायचं, आज नको, हे एवढं काम होऊ दे.

शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी. रस्ते मोकळे. तू गाडी पहिल्यांदा बाहेर काढलीस आणि म्हणालास, "मास्तर, बस." मी हेल्मेट घातलं. तू इंजिन चालूच केलं नाहीस. बटण दाबलंस आणि गाडी नुसती निघाली. आवाज नाही. खडी टायरखाली चुरचुरत होती तेवढीच. बंद कारखान्यांच्या भिंतींमधून आपण चाललो होतो आणि कुठल्या तरी आवारातला पहारेकरी खुर्चीवरून उठून बघत राहिला. तू हेल्मेट काढलंस. मलाही काढायला लावलंस. "आयला," तू म्हणालास, "अकरा वर्सं तुझा आवाज वायरीतून ऐकतोय. आज सरल ऐकू येतोय. वाच की कायतरी."

तो मेल मी छापून घेतला होता. चार घड्या घालून शर्टाच्या खिशात होता. तू "वाच" म्हणालास तेव्हा माझा हात खिशाकडे गेला, हे खरं आहे. मग तो दुसरीकडे गेला आणि मी ढवळीची जुनी वही काढून तिच्यातलं एक पान वाचलं. डावा चार, ऐंशी, उजवा तीन आवळतो, आत दगड. तू सरळ रस्त्यावर, उगाच, हलकेच स्टिअरिंग वळवत होतास. तुझा चेहरा इतका खूश मी कुठल्याच बक्षिसाच्या वेळी पाहिला नव्हता. मला वाटलं, हे आत्ता कसं मोडू. आज कळतं की ते तुझ्यासाठी वाटलं नव्हतं. त्या क्षणी तू ज्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होतास ते मला घालवायचे नव्हते.

शनिवारी मी आजारी पडलो. खरोखरच ताप आला.

रविवारी सकाळी साताऱ्याकडचा गिऱ्हाईक ढवळी न्यायला आला. बॅटरीचे उरलेले पैसे द्यायला ती विकायची हे आधीच ठरलं होतं, आणि तिचा गट बंद होणार म्हणून तू किंमतही पडेल ती घेतलीस. मला फोन केलास, "येतोस का? शेवटची बघून घे." मी आलो. तापातच. अजूनही वेळ होता, दिगू. तो माणूस टायर बघत होता, पैसे त्याच्या पिशवीतच होते. एक शब्द पुरला असता आणि तो शब्द तूच मला दिलेला होता. तू ढवळीच्या डाव्या दारात वाकलास आणि दोऱ्याने बांधलेली माझी पेन्सिल सोडवलीस. "ही आपली," असं त्या माणसाला सांगितलंस आणि माझ्या हातात दिलीस. मग गाडी टेम्पोवर चढली. तुझ्या वडिलांनी बैलजोडी विकली त्या दिवशी ते जेवले नव्हते, असं तू एकदा सांगितलं होतंस. त्या रविवारी तू जेवलास. माझ्या ताटात भात वाढलास आणि म्हणालास, "ताप हाय, ताक घेऊ नको." पैसे त्याच संध्याकाळी पुण्याला गेले.

त्यानंतरच्या बुधवारी मी तुला सांगितलं. "आज मेल आला," असं म्हणालो. आज.

तू "बरं" म्हणालास. हात पुसलेस. गाडीच्या छपरावरच्या दिव्याकडे बघितलंस. तो हिरवा होता. मेल दाखव असं म्हणाला नाहीस. तू मेल दाखव का म्हणाला नाहीस, हा प्रश्न मी त्यानंतरचे चौदा महिने रोज घेऊन झोपलो. तुला कळलं होतं का? मी खोटं बोलताना चष्मा पुसतो हे तुला माहीत होतं, आणि त्या दिवशी मी चष्मा पुसला होता.

नवी गाडी कुठल्याच गटात बसेना. पेट्रोलच्या गटासाठी जड, आणि हायब्रिडचा गट नाही. परदेशातल्या त्या मोठ्या स्पर्धेनेही पुढे हायब्रिड सोडून दिलं. ती बातमी मी तुला वाचून दाखवली नाही, तूच कुठेतरी ऐकलीस. होतूशेठच्या दुकानात कुणीतरी विचारलं, "दिगूभाई, ये बॅटरी का चक्कर किसने बोला था?" मी काउंटरपाशी उभा होतो, दोन हातांवर. तू म्हणालास, "कुनी नाय. माजीच खाज." आणि माझ्याकडे न बघता स्पार्कप्लगची पेटी उघडलीस. मी तिथे उभा राहून ते ऐकलं. त्या दिवसापासून गावभर ते तसंच झालं: दिगूचा हट्ट. मी ते होऊ दिलं. तू मला झाकलंस आणि मी आयताच झाकला गेलो.

त्या चौदा महिन्यांत आपण एकदाही रॅलीला गेलो नाही. तू गाडी घराजवळच्या शेडमध्ये आणून तिच्यावर काम करत राहिलास. "शिकलो रं," म्हणायचास. मग त्या सकाळी पाना हातात घेऊन गाडीपाशी खाली बसलास आणि उठला नाहीस. तुझ्या छातीतल्या दुखण्याचा आणि या सगळ्याचा संबंध होता की नव्हता, हे मला माहीत नाही, आणि माहीत नसलेलं आता मी लिहिणार नाही.

दहाव्याला प्राचीने मला अंगणात गाठलं. "काका, मला एक सांगा. बाबांना हायब्रिड करायला कुणी सांगितलं होतं? ते इतके मूर्ख नव्हते." तुझी मुलगी, तुझेच डोळे. मी चष्मा काढला, पुसला आणि म्हणालो, "त्याची फार इच्छा होती गं." ती मान हलवून आत गेली. तुला मूर्ख ठरवून मी सुटलो, तेही तुझ्याच अंगणात, तुझ्या पिंडाला कावळा शिवून तासही झाला नव्हता.

काल पुन्हा हेंद्रेपाड्याला गेलो. हा लेख इथवर लिहून झाला होता, तो आणि खिशातला तो चार घड्यांचा कागद घेऊन. वहिनी आणि प्राची दोघींना बसवलं आणि वाचला. मोठ्याने वाचायची मला सवय आहे, तरी दोनदा थांबलो.

प्राचीने कागद मागितला. तारीख बघितली. मग भिंतीवरच्या कॅलेंडरची मागची पानं उलटावीत तसं बोटांवर काहीतरी मोजलं.

"ढवळी गेली त्याच्या आधीची आहे ही."

"हो."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही टेम्पोजवळ उभे होतात, मी चहा दिला तुम्हाला."

"हो."

"मग?"

"मग मी गप्प बसलो."

ती उठून खिडकीपाशी गेली. वहिनी मग म्हणाल्या, "भावजी, त्यांना माहीत असेल की नसेल, मला नाही ठाऊक. मला काही बोलले नाहीत. पण त्या बुधवारी घरी आले ते विचारत होते, मास्तरचा ताप उतरला का." आणि त्या आत निघून गेल्या. आतून भांड्यांचा आवाज आला नाही, नळाचा नाही. चहा आला नाही. तुझ्या घरून मी पहिल्यांदाच चहा न घेता निघणार होतो आणि ते योग्यच होतं.

"हे छापा," प्राची म्हणाली, पाठमोरीच. "एक ओळ काढू नका. आणि त्यात बाबांना कुणी हट्टी म्हटलं, तर खाली लिहा की हे खोटं आहे."

मी उठलो. दारात चपला घालत होतो तेव्हा ती मागे आली. शेडमधल्या गाडीवर तू बांधलेलं ताडपत्रीचं छत तसंच होतं, कोपऱ्यांना तुझ्या गाठी.

"काका, आठवडाभर त्या दिव्याला ना हिरवं ना लाल. बंदच आहे. ती बॅटरी घराजवळ ठेवणं सेफ आहे का?"

चष्म्याकडे हात गेला होता. तो मी खाली घेतला. या विषयावर मी खूप वाचलेलं आहे. दोन वाक्यांत काहीतरी सांगता आलं असतं, आणि तिला ते पटलंही असतं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "खरंच माहीत नाही, प्राची. विचारून येतो. तोवर कुणी जवळ जाऊ नका."

तिने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात माफी नव्हती, ती मी मागितलीही नव्हती.

"बरं," ती म्हणाली.

तुझाच आवाज होता तो. गिअर उतरवतानाचा.

उद्या पहाटे पुण्याला निघतोय, त्या कारखान्यात. डब्याचा क्रमांक पावतीवरून वहीत उतरवून घेतलाय, तू सोडवून दिलेल्या पेन्सिलीने. फोनवर ते लोक म्हणत होते की बहुधा काही धोका नाही.

उतरून बघतो.